निळा दीडपट

४ नोव्हेंबर

पडद्यावर खिडकी उघडली! करडी, चौकोनी, वर एकच शब्द — ‘नमस्कार’. खाली एक बटण. दाबलं की काहीच होत नाही, पण दाबता येतं.

‘सुरुवात कशी करावी’ या पानावर लिहिलंय, पाच मिनिटं लागतात. सकाळी नऊला बसले, आता दीड वाजला. कुणाची पाच मिनिटं ते लिहिलेलं नाही.

मध्ये एक तास वेगळाच गेला, खरं सांगायचं तर. यंत्राला हुकूम ज्या संगणकाच्या भाषेत लिहायचे तिचं नाव लुआ, आणि लुआ कुठल्याशा भाषेत चंद्राला म्हणतात असं कळलं. मग चंद्रावर काय काय सोडून आलीत माणसं ते वाचत बसले. मालक मागे येऊन उभे, आणि माझ्या पडद्यावर चंद्राचे खड्डे. ते म्हणाले, हे आपल्या यंत्राचं आहे का? मी म्हटलं, त्याचाच अभ्यास आहे.

६ नोव्हेंबर

इथे कशी आले ते लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या गावात विसरायला होईल. पाच गावं झाली, सात नोकऱ्या. शेवटची संगणक दुरुस्तीच्या दुकानात. तिथे गिऱ्हाईक नसताना एका खेळाच्या फाइली उघडून बदलायचे — शत्रूच्या तलवारीची छत्री करायची, घोड्याला उडायला लावायचं. तेवढंच माझं लुआ. दुकान बंद पडलं, पिशवी उचलली, मामाकडे आले.

मामा या सूत रंगवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगारी आहे. त्यानेच मालकांकडे कौतुक केलं, भाची कॉम्प्युटरचं काहीतरी करते म्हणून. मालकांनी नेमकं तेव्हाच रंगाची पूड मोजून टाकणारं जुनं यंत्र कुठूनतरी आणलं होतं. तीन डबे — लाल, पिवळा, निळा. प्रत्येकाला एक मोटर. खाली वजनकाटा. फक्त त्याचा पडदा मेलेला. बसवायला आलेल्या माणसाने नवा छोटा पडदा लावला आणि म्हणाला, यात लुआ चालतं, त्यावर एखादं हलकं फ्रेमवर्क टाका, जड काही याला झेपायचं नाही. बटणं, अक्षरं, चौकटी — तयार मिळतात म्हणे. आपण फक्त मांडायची. आणि निघून गेला.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मामाने पण. मामाचा चेहरा तेव्हाच उतरला असेल. मी बघितला नाही. मी पडदा बघत होते.

७ नोव्हेंबर

नाव चुकीचं लिहिलं तरी लुआ भांडत नाही. गुपचूप ‘निल’ हातात ठेवतं — म्हणजे काही नाही. आणि पुढे दहा ओळींवर सगळं कोसळतं. तोंडावर ओरडणारी माणसं परवडली.

१० नोव्हेंबर

आज निळा सांडला. सगळीकडे.

बटणाला सांगायचं असतं, तुला दाबलं की हे काम कर. कामाचं नाव नुसतं द्यायचं. मी नावापुढे कंस लावले. कंस लावले की ते काम आत्ताच होतं, कुणी दाबायची वाट बघत नाही. मला काय माहीत! पडदा चालू केला, ‘नमस्कार’ यायच्या आधी मोटर फिरली आणि निळ्या डब्यातली सगळी पूड बदाबदा खाली. ताटलीतून काट्यावर, काट्यावरून जमिनीवर, पंख्याने हवेत. मामा समोरच उभा होता. भुवया निळ्या, शर्ट निळा.

मामाच्या हाताखालचे दोघं — थोरला आणि जाडा, मी त्यांना तसंच म्हणते — हसून हसून सुताच्या गाठोड्यावर पडले. मामा हसला नाही. शर्ट झटकत म्हणाला, “भिंगरे, दाबल्याशिवाय हलणारी वस्तू घरात एक होती, आता दोन झाल्या.”

लहानपणापासून मला भिंगरी म्हणतो. मला आवडायचं.

मालक निळ्या जमिनीकडे बघून एवढंच म्हणाले की हा कंस का काय तो पुन्हा नको.

१३ नोव्हेंबर

आता बटण दाबल्यावरच मोटर फिरते. सोडल्यावर थांबते. वीस वेळा दाबलं. उगीच.

लुआ एकपासून मोजतं, माणसासारखं. यंत्र मोटरी शून्यापासून मोजतं. त्यामुळे लाल मागितला की पिवळा यायचा. मध्ये एक वजा केला, आता दोघांचं जमतं. एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा दिवस. येताना चौकात पाटी रंगवणाऱ्याकडे उभी राहिले, अक्षराला सावली कशी देतात ते बघत. त्याने ब्रश हातात दिला. साडेसातला घरी. मामी ओटा पुसत होती. ताट झाकून ठेवलं होतं.

१७ नोव्हेंबर

मालकांनी आज स्पष्ट सांगितलं. महिनाअखेरीला खऱ्या मालावर चाचणी. चाळीस किलो सूत, बदामी रंग. नीट उतरला तर मला कायम करणार. आणि मामांनी आता जरा आराम करावा, वय झालं. मामा तिथेच होता. मान हलवली.

आराम म्हणजे काय ते कारखान्यातल्या मांजरालाही कळतं.

घरी येताना आम्ही दोघं एकाच रस्त्याने, एकाच फुटपाथवरून. मी म्हणणार होते की मामा, मी सोडते हे काम. नाही म्हटलं. का नाही म्हटलं? कारण मला खिडकी पुरी करायची होती. आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी करायची होती. हे लिहिताना लाज वाटते आणि खोडावंसंही वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

तीन पानं केली. पहिल्यावर दहा रंगांची दहा बटणं. दुसऱ्यावर किती किलो सूत ते विचारायचं. तिसऱ्यावर रेसिपी — कुठल्या रंगाला दर किलोमागे लाल किती, पिवळा किती, निळा किती. मालकांना हे पान हवंच होतं, आकडे बदलता यायला पाहिजेत म्हणे. बटणं मोठी केली, कारण मोठी करायला सोपी असतात.

फक्त आकडे नाहीत. आकडे सगळे मामाच्या डोक्यात. तो तराजू वापरत नाही. त्याच्याकडे एक पळी आहे, कडेला चेपलेली. ‘दोन पळ्या आणि वर एक चिमूट’ — ही त्याची रेसिपी.

मागायचं कसं? माणसाला म्हणायचं कसं की तुझं डोकं दे, मला टेबलात भरायचंय?

२१ नोव्हेंबर

मागावं लागलं नाही! मामा स्वतःच आला. काल आणि आज दुपारच्या सुट्टीत स्टूल ओढून बसला, म्हणाला लिही. रात्री बसून पळ्यांचे ग्रॅम करून आणले होते त्याने. कागद नाही, तोंडी. डोळे मिटून एकेक रंग. बदामी — दर किलोला पिवळा सहा, लाल तीन, निळा तीन. राखाडी — निळा नऊ. वांगी, गव्हाळ, मातकट, सगळे. दहाही रंगांत तिन्ही पुडी लागतात, कमीजास्त, हे मला आज कळलं. बदामीत निळा असतो हे कुणाला वाटेल?

मी भरत गेले. तो सांगताना मध्येच थांबायचा, माझं टाइप होईपर्यंत. एकतीस वर्षं, आणि दोन दुपारच्या सुट्ट्या पुरल्या.

मी विचारलं, आधी थोड्या सुतावर करून बघायचं का? म्हणाला, “मी सांगतोय ना. नमुना कशाला.”

मला रडू आलं. त्याच्या समोर नाही. सुताच्या खोलीत.

२२ नोव्हेंबर

चोरासारखं वाटतंय. चोर तरी लपून नेतो. मी बसून, चहा पीत, विचारून विचारून नेलं.

२९ नोव्हेंबर

उद्या. सगळं तीनदा तपासलं. एक नाव लोकल करायचं राहिलं होतं — मग ते नाव एका पानापुरतं राहत नाही, सगळीकडे भटकत फिरतं, आणि तिसऱ्या पानावरचा आकडा पहिल्या पानावर उगवतो. सापडलं, बांधून घातलं.

मामीने संध्याकाळी विचारलं, उद्या झालं तर यांचं काय? सरळ विचारलं, भांडी घासता घासता. मी म्हटलं, मालक काहीतरी देतील दुसरं काम. मामी म्हणाली, “हो. झाडू देतील.”

३० नोव्हेंबर

बदामी आला नाही.

चाळीस किलो सूत शेवाळं चढल्यासारखं बाहेर आलं. ना हिरवं ना करडं. थोरल्याने एक लडी उचलून मालकांसमोर धरली आणि पुन्हा टाकली. मालक म्हणाले, ओलं आहे, ओला रंग खोटा असतो, वाळू दे. वाळल्यावर आणखी वाईट दिसलं.

मालक ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, सोमवारपर्यंत काय चुकलं ते सांग. चूक सापडली तर पुन्हा संधी देईन. नाही सापडली तर मामांचं चाललंय ते चालू दे, आणि तू तुझं बघ.

मामा काठीने हौद ढवळत होता. वर बघितलं नाही.

१ डिसेंबर

चूक सापडत नाही. एकपासून मोजलं, शून्यापासून मोजलं. कंस तपासले. लोकल तपासले. चूक नसेल तिथे चूक शोधणं फार वाईट, आपण आपल्यालाच खोटं पाडायला लागतो. दुपारी तर मी चांगली चालणारी एक ओळ बदलून बिघडवली आणि परत नीट केली.

काट्याची नोंद बघितली. पिवळा दोनशे चाळीस, लाल एकशे वीस, निळा एकशे वीस. चाळीस किलोला हेच व्हायला हवं. यंत्राने सांगितलं तेच केलं. ग्रॅमचाही फरक नाही.

२ डिसेंबर

जाडा आज सहज बोलून गेला. दोघं चहाला बसलो होतो, त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही नमुना न काढता चाळीस किलो बुडवलंत कसं? मामा तर ओळखीच्या रंगालाही आधी मूठभर सूत बुडवतात, वाळवतात, दारात नेऊन उजेडात बघतात. मग पुढचं. एकतीस वर्षांत एक लडी तशी बुडवली नाही त्यांनी.

मी म्हटलं, त्यांनीच नको म्हटलं.

जाडा कपात बघत बसला. मग म्हणाला, “मग मी काही बोललो नाही.”

३ डिसेंबर

मामाने आज हाताने वीस किलो बदामी केला. त्याच शेवाळी चाळीस किलोच्या बदलीचा पहिला अर्धा. सुंदर आला. मी आधी निळ्याचा डबा मोजून ठेवला होता, नंतर पुन्हा मोजला. चाळीस ग्रॅम कमी. म्हणजे किलोला दोन.

मला सांगितले होते तीन.

दुपारी राखाडी केला. तिथेही मोजलं. सहा. मला सांगितले होते नऊ.

४ डिसेंबर

आणखी दोन रंग. दोन्हींत तेच. लाल बरोबर, पिवळा बरोबर, निळा दीडपट. चूक अशी शिस्तीत होत नसते. विसरलेला माणूस कुठे जास्त सांगतो, कुठे कमी. हे कुणीतरी रात्री बसून, एकेक आकडा घेऊन, काळजीने केलेलं काम आहे.

डोळे मिटून सांगत होता. मला वाटलं आठवतोय.

राग आला पाहिजे. येतोय पण नीट उभा राहत नाही. तो माझं काम खात होता की मी त्याचं? दोघांनी एकाच ताटात हात घातला, त्याने फक्त माझ्या बाजूला मीठ जास्त टाकलं. नाही — हे समजूतदारपणाचं लिहिणं झालं. खरं लिहायचं तर असं, की त्याने मला शेंबडी समजून फसवलं, आणि मी सुताच्या खोलीत त्याच्यासाठी रडले.

५ डिसेंबर

बोलले.

तो नळावर हात धूत होता. नखांतला रंग कधीच जात नाही, तरी रोज धुतो. मी म्हटलं, “मामा, निळा दीडपट सांगितलास.”

नळ चालूच. मग म्हणाला, “कधी कळलं?”

“काल.”

“लवकर कळलं. मला वाटलं, तू तुझ्या कंसातच शोधत बसशील.”

त्याने हात पुसले, एकेक बोट. मला वाटलं माफी मागेल, किंवा चिडेल. त्याने हिशेब मांडल्यासारखं सांगितलं. म्हणाला, तू पाच गावं फिरलीस, सहावं फिरशील. पिशवी उचलायला तुला किती वेळ लागतो? मला तीन पुडी सोडून काही येत नाही. हाताखाली दोघं आहेत, त्यांना तर तीही येत नाहीत, ते माझ्यावर आहेत. यंत्र आलं की तिघं गेलो.

मी म्हटलं, उद्या मालक विचारणार. काय सांगू?

“ते तू बघ,” म्हणाला. “मी तुझ्याकडे काही मागत नाही.”

मागण्याची ही पद्धत आमच्या घरातली आहे. आई पण अशीच मागते.

६ डिसेंबर

मालकांच्या खोलीत मी म्हटलं, चूक सापडली. माझीच. कंस.

मालक म्हणाले, पुन्हा कंस? मी म्हटलं, हो, दुसऱ्या जागी. त्यांना कंस म्हणजे काय ते माहीत नाही, पण जमिनीवरचा निळा आठवत होता. म्हणाले, संधी देतो म्हटलं होतं खरं, पण एकच चूक दोनदा करणाऱ्या माणसाच्या हातात चाळीस किलो कसं देऊ? बरोबरच आहे त्यांचं. मीही दिलं नसतं.

मामा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. सगळं ऐकलं त्याने. मी वाट बघितली — किती, दोन श्वास असतील. मग तो मालकांना म्हणाला, “पोर आहे अजून. शिकेल कुठेतरी.”

कुठेतरी!

७ डिसेंबर

पिशवी भरली. मामीला मामाने काही सांगितलेलं नाही, आणि मी का सांगू? तिच्या लेखी मी घरात येऊन, खाऊन, चाळीस किलो नासवून चालले. दारात म्हणाली, “तुझी आई म्हणतच होती. हातात घेतलेलं काही पुरं करत नाही ही.”

पुरं झालं होतं, मामी. तेवढं एकच पुरं झालं होतं.

हे मी बोलले नाही. इथे लिहिलं. मामा कामावर गेला होता, नेहमीपेक्षा लवकर.

१९ डिसेंबर

नवं गाव. पार्सलच्या गोदामात चिकटपट्ट्या लावते. संगणकाला हात लावलेला नाही. समोर एक बाई वेताच्या खुर्च्या विणते, तिच्याकडे बघण्यात अर्धा दिवस जातो.

८ जानेवारी

कधी कधी वाटतं, चांगलं काम केलं. तीन माणसांची पोटं वाचवली. मग स्वतःला एवढं थोर समजल्याबद्दल दिवसभर चिडते.

२ फेब्रुवारी

खुर्च्यावालीने एक बैठक विणायला दिली. अर्धी झाली, सोडली.

३ मार्च

मामीचा फोन. आवाज एकदम गोड. यंत्र चालू आहे — मामाच चालवतो. जानेवारीत एका सकाळी बसून त्याने रेसिपीच्या पानावर दहाही रंगांचे आकडे स्वतः भरले, आधी नमुने काढून, आणि पहिल्याच दिवशी सगळे रंग बरोबर उतरले. मालकांनी त्याला खुर्ची दिली. थोरल्याला आणि जाड्याला आता काही कामच उरलं नव्हतं, त्यांना काढलं.

“हे तुझी आठवण काढतात गं,” मामी म्हणाली. “म्हणतात, पोरीने बटणं चांगली मोठी केलीत. चष्मा लागत नाही.”